खाडीत चालतं, तोंडाबाहेर बंद पडतं: आऊटबोर्ड इंजिनाचा नेहमीचा त्रास

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमचा त्रास हाच आहे का ते कळेल.

धक्क्यावर इंजिन पहिल्या-दुसऱ्या ओढीत सुरू होतं. खाडीतून हळू जाताना आवाज व्यवस्थित, धूर नेहमीसारखा. तोंड ओलांडून थ्रॉटल पूर्ण फिरवला की पाच-दहा मिनिटांत आवाज पातळ होतो. इंजिन दम टाकतं, उचलतं, परत दम टाकतं आणि शेवटी बंद. दोन-तीन मिनिटं थांबून दोरी ओढली की सुरू, जणू काही झालंच नव्हतं. पुन्हा वेग दिला की पुन्हा तेच. संध्याकाळी मेकॅनिककडे न्यावं तर तिथे पिंपातल्या पाण्यात ते तासभर चालतं, आणि तो म्हणतो, "ह्यात काही दोष नाही."

मी रत्नागिरीत राजिवड्याच्या बाजूने भाट्ये खाडीतून छोटी फायबर होडी बाहेर काढतो, मागच्या फळीला टांगलेल्या आऊटबोर्ड इंजिनावर. स्वतःच्या इंजिनावर आणि शेजारपाजारच्यांच्या इंजिनांवर हाच बिघाड इतक्या वेळा काढलाय की आता कुणी नुसतं वर्णन केलं तरी हात आपोआप टाकीकडे जातो. टाकीकडे म्हणतोय, कार्बोरेटरकडे (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाकडे) नाही. बहुतेक लोक, आणि घाईतले मेकॅनिकही, पहिल्यांदा कार्बोरेटर खोलतात. माझा अनुभव असा की दहातल्या सात-आठ वेळा इंजिन ठीक असतं, त्याच्यापर्यंत पेट्रोल पोहोचण्याच्या वाटेत अडथळा असतो. म्हणून तपासणी टाकीच्या झाकणापासून सुरू करायची आणि इंजिनाकडे सरकायचं. खाली लिहिलेला क्रम तोच आहे, आणि नशिबाने स्वस्तापासून महागाकडे जाणाराही तोच आहे.

मी लिहितोय ते आठ ते पंधरा एचपीच्या टू-स्ट्रोक, कार्बोरेटरवाल्या, सुट्या टाकीच्या इंजिनांबद्दल. फोर-स्ट्रोकला पहिल्या सहा-सात पायऱ्या तशाच लागू होतात, फक्त पेट्रोलमध्ये ऑइल मिसळण्याचा भाग सोडून.

हा त्रास नाही, हे कधी समजायचं

इंजिन दम न टाकता, बटण दाबल्यासारखं एका क्षणात बंद पडत असेल तर बहुधा करंटचा, म्हणजे प्लगच्या ठिणगीचा दोष आहे. पेट्रोल कमी पडलं की इंजिन अडखळत, कुरकुरत मरतं. करंट गेला की एकदम शांत. हा फरक कानात बसवून घ्या, निम्मं काम तिथेच होतं.

इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली असेल, वाफाळत असेल किंवा बंदच असेल, तर इंजिन गरम होतंय. तेव्हा पुढचं काही वाचत बसू नका, इंजिन लगेच बंद करा. पाणी ओढायच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी चिकटलीय का बघा. पिशवी नसेल तर इंपेलर (थंड करायचं पाणी ओढणारा रबरी पंखा) बदलायची वेळ आलीय, आणि तो वेगळा विषय आहे.

इंजिन जोरात फिरतंय पण होडी पुढे सरकत नसेल, तर पंख्याची पिन तुटलीय किंवा आतलं रबर सुटलंय.

बाहेर असताना बंद पडलं तर

आधी नांगर टाका, मग इंजिनाचं झाकण उघडा. हा क्रम उलटा करणारे मी पाहिलेत, आणि एकदा मी स्वतः केलाय. भाट्ये खाडीच्या तोंडावर वाळू साचून उथळ झालेलं असतं, लाटा तिथे फुटतात. इंजिन बंद पडल्यावर मी दोरीच ओढत राहिलो. होडी आडवी झाली, एक लाट आत आली आणि जाळं भिजून जड झालं. भाऊ ओरडला, "दादा, नांगर!" तेव्हा शुद्धीवर आलो. नांगर लागला, नाळ (होडीचं पुढचं टोक) लाटेकडे वळली, आणि मग पाच मिनिटांत इंजिनही सुरू झालं. तेव्हापासून तोंड ओलांडताना नांगराची दोरी नाळेवर मोकळी करून ठेवतो आणि लाइफ जॅकेट अंगावर असतं, पायाखाली नाही. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे दोन्ही होडीत रंगाने लिहून ठेवा. मोबाइल भिजला तर दुसऱ्याच्या मोबाइलवरून लावता येतात.

बाहेरच का बंद पडतं

दहा एचपीचं टू-स्ट्रोक इंजिन हळू चालताना तासाला जेमतेम अर्धा-पाऊण लिटर पितं. पूर्ण थ्रॉटलला तेच चार-पाच लिटर मागतं. वाटेत कुठे थोडीशी अडचण असेल तर अर्ध्या लिटरला ती जाणवत नाही, पाच लिटरला लगेच जाणवते. पिंपात इंजिनावर होडीचा भार नसतो, म्हणून तिथेही दोष दिसत नाही. दुसरं कारण लाटांचं. खाडीत टाकी शांत असते. बाहेर ती आपटते, आणि तळाला बसलेलं पाणी, गंज, कचरा सगळं घुसळून वर येतं.

थांबल्यावर परत सुरू का होतं? कार्बोरेटरच्या वाटीत चार-पाच चमचे पेट्रोल मावतं. बंद असताना ती वाटी हळूहळू भरते आणि इंजिन तेवढ्यावर चालतं.

एक गोष्ट मनापासून सांगतो. "थांबत थांबत नेऊ" म्हणून हा त्रास अंगावर काढू नका. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलबरोबरच मिळतं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि तेही पूर्ण वेगात. पिस्टनवर ओरखडे पडतात ते असेच. चहाच्या पैशाचा ओ-रिंग (जोडातलं रबरी कडं) वाचवून इंजिन उतरवायची वेळ आलेली मी दोनदा बघितलीय.

१. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू

पैसे लागत नाहीत, दहा सेकंद लागतात. इंजिन पेट्रोल ओढतं तेवढी हवा टाकीत जायला हवी. झाकणावरचा छोटा स्क्रू बंद राहिला की आत पोकळी तयार होते, टाकीच्या बाजू आत ओढल्या जातात आणि काही वेळाने पंपाला पेट्रोल उचलवत नाही.

इंजिन दम टाकायला लागलं की टाकीचं झाकण सैल करा. फुस्स आवाज आला आणि इंजिन सावरलं, तर दोष सापडला. "स्क्रू तर उघडाच होता" असं म्हणून थांबू नका. माझा स्क्रू उघडा होता, पण त्याच्या आट्यात मीठ घट्ट बसलं होतं आणि हवेचं भोक बुजलं होतं. त्याच इंजिनाचा कार्बोरेटर त्याआधी तीनदा साफ करून घेतला होता. प्रत्येक वेळी मजुरी दिली, प्रत्येक वेळी चार दिवसांनी त्रास परत. स्क्रू पूर्ण काढा, गोड्या पाण्याने धुवा, फुंकर मारून हवा आरपार जाते का बघा. होडी गाडीवर टाकून नेताना तो बंद ठेवायचा आणि पाण्यात उतरवली की उघडायचा, एवढं लक्षात ठेवा.

२. पंखा, आणि होजवर काय ठेवलंय

इंजिन वर उचलून पंखा बघा. जाळ्याचा नायलॉन धागा किंवा दोरीचा तुकडा गुंडाळला असेल तर इंजिनावर भार येतो, आणि त्याची लक्षणं पेट्रोल कमी पडल्यासारखीच दिसतात. धागा पंख्यामागच्या शाफ्टवर गेला असेल तर तो संपूर्ण काढा. राहिला तर सीलला कापतो आणि गिअरच्या ऑइलमध्ये पाणी शिरतं.

मग होज, म्हणजे पेट्रोलची रबरी नळी, टाकीपासून इंजिनापर्यंत हाताने चाचपा. मासळीचा क्रेट, नांगर, कुणाचा तरी पाय, असं काही ना काही त्यावर असतंच. कुठे मोड आली असेल, चेपली असेल, तर जागा बदला.

३. रबरी बल्बची परीक्षा

ह्या पायरीवर मी सगळ्यात जास्त भर देतो, कारण ह्यानंतर कुठल्या दिशेने जायचं ते हीच ठरवते.

होजमध्ये हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी बल्ब असतो. त्यावर बाण असतो, तो इंजिनाकडे असायला हवा. नवीन होज बसवताना उलटा लावलेला मी पाहिलाय. सुरू करण्याआधी बल्ब उभा धरून, बाण वरच्या दिशेला ठेवून दाबत राहा. सात-आठ दाबांत तो कडक झाला पाहिजे आणि कडकच राहिला पाहिजे. कडक होतच नसेल तर तीन शक्यता: बल्बच्या आधी कुठेतरी हवा शिरतेय, बल्बमधले व्हॉल्व्ह गेलेत, किंवा कार्बोरेटरची सुई बसत नाही आणि पेट्रोल वाहून जातंय. शेवटचं असेल तर इंजिनाच्या झाकणाखाली पेट्रोलचा उग्र वास येतो. वास येत असताना दोरी ओढू नका, आधी पुसून कोरडं करा आणि झाकण उघडं ठेवून वास जाऊ द्या.

आता खरी परीक्षा. शांत दिवशी, दोघं असताना करा. एकाने होडी पूर्ण वेगात चालवायची, दुसऱ्याने बल्बवर हात ठेवून बसायचं. इंजिन दम टाकायला लागलं की बल्ब कसा लागतो ते बघा आणि दाबायला लागा.

बल्ब चपटा, आत ओढलेला लागला तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे. हवेचा स्क्रू, टाकीच्या आतली जाळी, किंवा टाकी ते बल्ब ह्यामधला होज. पहिली, सहावी आणि सातवी पायरी आधी बघा.

बल्ब मऊ आहे, आणि दाबत राहिलं की इंजिन उचलतं, सोडलं की पुन्हा मरतं, तर हवा शिरतेय किंवा इंजिनावरचा पंप थकलाय. पाचवी, सहावी, आठवी पायरी. घरी परतायचं असेल तर असं दाबत दाबत येता येतं, मी आलोय, पण वेग निम्म्यावर ठेवा.

बल्ब कडक आहे, दाबला जात नाही, तरी इंजिन मरतं. म्हणजे पेट्रोल पंपापर्यंत आलेलं आहे आणि दोष पुढे आहे. कार्बोरेटर किंवा करंट. मग टाकीवर वेळ घालवू नका.

४. पेट्रोल बाटलीत काढून बघा

टाकी रात्रभर हलवू नका. सकाळी तळातून अर्धा लिटर पेट्रोल स्वच्छ, पारदर्शक काचेच्या बाटलीत काढा आणि वीस मिनिटं उजेडात ठेवा. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते खाली बसतं. मध्ये रेघ दिसली की समजा.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये साधारण २० टक्के इथेनॉल असतं, आणि समुद्रावर काम करणाऱ्यांनी हे नीट समजून घेण्यासारखं आहे. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. थोडं पाणी असेल तर ते मिसळून जातं आणि दिसतही नाही. प्रमाण वाढलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला जाड थर बसतो. टाकीची नळी तळातूनच ओढते, म्हणजे इंजिनाला पहिल्यांदा हाच थर जातो. आणि टू-स्ट्रोकसाठी आपण मिसळलेलं ऑइल राहतं वरच्या पेट्रोलमध्ये. खालच्या थरात ऑइल जवळजवळ नसतंच. म्हणजे इंजिन बिनऑइलचं चालतं. म्हणून थर वेगळा झालेलं पेट्रोल ढवळून, हलवून, नवीन पेट्रोल घालून वापरायचा प्रयत्न करू नका. ते सगळं काढून टाकायचं, टाकी पुसून कोरडी करायची. आणि हे काढलेलं पेट्रोल खाडीत ओतू नका, गॅरेजवाला घेतो.

हा दोष सगळ्यात जास्त सापडतो तो ऑगस्टमध्ये. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, आणि टाकीत मे महिन्यातलं पेट्रोल तसंच राहतं. नारळी पौर्णिमेच्या आसपास सगळ्यांची एकदम गडबड, आणि धक्क्यावर तीन-चार इंजिनं एकाच दिवशी रुसलेली. गेल्या वर्षी शेजारच्या चाचांच्या टाकीतून काढलेल्या बाटलीत दोन बोटं उंच थर होता. ते म्हणाले, "अरे, टाकी तर झाकूनच ठेवली होती." झाकली होती खरी, पण अर्धी रिकामी होती. अर्ध्या टाकीत दोन महिने पावसाळी हवा आणि रोजचा गारठा, पाणी त्यातूनही जमतं.

जुन्या पेट्रोलला रंगाच्या दुकानासारखा वास येतो. तसा वास आला तर पाणी दिसलं नाही तरी ते वापरू नका.

ऑइलचं प्रमाणही इथेच तपासा. इंजिनाच्या पुस्तकात ५०:१ लिहिलं असेल तर एका लिटरला २० मिलि, दहा लिटरला २०० मिलि. डोळ्यांच्या अंदाजाने ओतू नका, मापाची बाटली ठेवा. आणि मोटारसायकलचं टू-टी ऑइल चालत नाही. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं घ्या.

५. कनेक्टर, ओ-रिंग, क्लिपा

होज इंजिनाला जिथे खटकन बसतो, त्या कनेक्टरच्या आत छोटा रबरी ओ-रिंग असतो. खारं पाणी आणि ऊन ह्यांनी तो कडक होतो, तडकतो. गंमत अशी की गळती असूनही बाहेर पेट्रोल दिसत नाही, कारण चालू इंजिन पेट्रोल ओढत असतं. पेट्रोल बाहेर यायच्या ऐवजी हवा आत जाते.

बल्ब कडक करा, कनेक्टर आणि क्लिपा कोरड्या फडक्याने पुसा, दहा मिनिटांनी टिश्यू पेपर फिरवून बघा. ओला झाला तर तिथे गळती. पण ही परीक्षा बल्बच्या पुढच्या भागालाच लागू पडते. टाकी ते बल्ब ह्या भागात दाब येत नाही, तिथली फट अशी सापडत नाही. त्यासाठी माझी युक्ती: इंजिनाजवळ बोटभर लांबीचा पारदर्शक पेट्रोल पाइपचा तुकडा तात्पुरता जोडा. चालू असताना त्यात बुडबुडे धावताना दिसले की हवा नक्की. मग टाकीकडचे जोड एकेक करून बदला आणि बुडबुडे कधी थांबतात ते बघा. तो तुकडा कायमचा ठेवू नका, उन्हात कडक होऊन फुटतो.

ओ-रिंग आणि स्टीलच्या क्लिपा मी दर मोसमात न बघताच बदलतो. तारेने आवळून क्लिपेचं काम करू नका, तार होज कापते.

६. होज बाहेरून चांगला दिसतो, आतून नसतो

हे मला कळायला फार वेळ लागला. एका इंजिनावर सगळं करून झालं होतं. पाणी नाही, हवा नाही, पंप नवा, कार्बोरेटर दोनदा साफ. होज तर दोन वर्षांचाच, बाहेरून चकाचक. शेवटी वैतागून दुसऱ्याच्या होडीचा होज आणि टाकी लावून बाहेर गेलो, आणि इंजिन दोन तास हूं का चूं न करता चाललं. परत येऊन तो होज ब्लेडने लांबीत चिरला. आतला पातळ थर मूळ रबरापासून सुटून त्याची जीभ तयार झाली होती. हळू चालताना ती पडून राहायची. वेगात पेट्रोल ओढलं की उभी राहून वाट बंद करायची. बंद पडलं की परत खाली. आपल्या लक्षणांशी तंतोतंत जुळणारं कारण, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

म्हणून आता कुणाचंही इंजिन बघायचं तर पहिल्या दोन-तीन पायऱ्यांनंतर मी माझी टाकी आणि होज लावून एक फेरी मारायला सांगतो. त्रास गेला तर दोष टाकी-होजमध्ये, राहिला तर इंजिनात. एका फेरीत दोन भाग वेगळे होतात.

नवीन होज घेताना इथेनॉल चालणारा, पेट्रोलसाठीचाच घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला पाण्याचा पाइप महिन्याभरात फुगतो. बल्बही होजबरोबरच बदला.

७. टाकीच्या आतली जाळी

टाकीतली उभी नळी बाहेर काढली की टोकाला जाळी असते. शेवाळासारखा चिकटा, वाळू, कधी माशाचा खवलाही सापडतो. धुवा, वाळवा, परत लावा. लोखंडी टाकीत गंज दिसला तर ती टाकी आता प्लास्टिकच्या टाकीने बदला. गंज एकदा सुटायला लागला की थांबत नाही.

८. इंजिनावरचा फिल्टर आणि पंप

झाकणाखालचा छोटा फिल्टर काढून उजेडात धरा. तळाला पाण्याचे थेंब किंवा तपकिरी गाळ असेल तर नवीन बसवा. फिल्टरऐवजी धुऊन लावायची जाळी असेल तर स्वच्छ पेट्रोलने धुवा. काम मोकळ्या हवेत करा, जवळ विडी-सिगारेट नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि होडीच्या तळात साचून राहते.

टू-स्ट्रोकचा पंप क्रँककेसमधल्या (पिस्टनखालच्या बंद पेटीतल्या) दाबाच्या ठोक्यांवर चालतो. आत एक पातळ पडदा असतो, तो खालीवर होऊन पेट्रोल ढकलतो. तीन-चार स्क्रू काढले की पंप सुटतो. सोडवताना प्रत्येक थराचा मोबाइलवर फोटो काढा, कारण गास्केट आणि पडदा ह्यांचा क्रम चुकला की पंप चालतच नाही. पडदा उजेडासमोर धरा. सुईएवढं भोक, सुरकुत्या, कडकपणा, ह्यातलं काहीही दिसलं तरी तो बदला. पडदा फाटला असेल तर पेट्रोल सरळ क्रँककेसमध्ये जातं, धूर वाढतो आणि प्लग काळा ओला निघतो. त्यामुळे प्लग ओला असूनही दोष पंपाचा असू शकतो.

मेकॅनिकचं काम न केलेल्या माणसाने एकट्याने करायची ही शेवटची पायरी, असं मी धरतो.

९. कार्बोरेटर

पूर्ण खोलण्याआधी दोन साधी कामं करा. वाटीच्या तळाला स्क्रू असतो, तो सैल करून आतलं पेट्रोल स्टीलच्या वाटीत घ्या. पाण्याचे गोळे, पांढरी भुकटी, तपकिरी चिकटा, काय दिसतं ते बघा. पांढरी भुकटी म्हणजे पाण्याने ॲल्युमिनियम खाल्लंय. नुसतं एवढं पेट्रोल काढून टाकल्यावर चार-पाच वेळा माझ्याकडची इंजिनं सुधारली आहेत.

दुसरं, इंजिन दम टाकत असताना चोक किंचित ओढा. क्षणभर सावरलं तर पेट्रोल कमीच पडतंय आणि मेन जेट (वेगात पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं पितळी तोंड) अर्धवट बुजला आहे. हळू नीट चालतं, वेगात मरतं, हे मेन जेटचं लक्षण. उलट, वेगात चालतं पण चोकशिवाय आयडलला टिकत नाही, तर छोटा पायलट जेट.

खोलायचं ठरवलंच तर पाना आणि स्क्रू ड्रायव्हर बरोबर मापाचे घ्या. जेट पितळेचा असतो, खाच सहज झिजते. जेटच्या भोकात स्टीलची तार किंवा सुई घालू नका. भोक केसभर मोठं झालं तरी मिश्रण बदलतं आणि ते परत आणता येत नाही. कार्बोरेटर क्लीनर मारा, थोडा वेळ भिजू द्या, हवेने फुंका, फार तर नायलॉनचा एखादा केस आरपार घाला. कार्बोरेटरवरचा हवेचा स्क्रू काढण्याआधी तो पूर्ण आत जायला किती फेरे लागतात ते मोजून लिहून ठेवा आणि परत तितकेच फेरे बाहेर ठेवा. गास्केट नवीन लावा.

साफ केल्यावर पंधरा दिवसांत त्रास परत आला तर कार्बोरेटर परत खोलू नका. कचरा मागून येतोय. पहिल्या पायरीवर जा.

१०. करंट

इथे पोहोचलात आणि बल्ब अजून कडकच असतो, तर प्लग काढा. बिस्किटासारखा रंग असेल तर ठीक, पांढराफटक असेल तर पेट्रोल किंवा ऑइल कमी पडतंय, काळा ओला असेल तर जास्त होतंय. प्लगच्या टोपीत हिरवा-पांढरा क्षार दिसतो का, किल स्विचची (इंजिन बंद करायच्या बटणाची) वायर कुठे घासलीय का, तेही बघा. लाटेच्या धक्क्याने किल स्विचची सैल वायर टेकली की इंजिन तत्क्षणी बंद पडतं.

गरम झाल्यावरच मरत असेल आणि गार झाल्यावर सुरू होत असेल तर दोष कॉइलचा (ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागाचा) असू शकतो. कॉइल गार असताना तपासून काही कळत नाही, बंद पडल्या पडल्याच बघावी लागते. आणि पेट्रोलचा वास असताना ठिणगी बघू नका.

इथे थांबा आणि मेकॅनिकला बोलवा

दोरी ओढताना पूर्वीसारखा जोर लागत नसेल, ती हलकी जात असेल तर कॉम्प्रेशन गेलंय. पिस्टन, रिंगा, सिलिंडर हे घरचं काम नव्हे. दोरी अडकत असेल, कुठे घासल्याचा आवाज येत असेल तर पुन्हा एकदाही ओढू नका.

होज, पंप, कार्बोरेटर सगळं ठीक, तरी प्लग पांढराच निघतोय, आणि कार्बोरेटर बदलूनही फरक नाही, तर क्रँकच्या सीलमधून हवा शिरत असण्याची शक्यता असते. ते दाब देऊन तपासावं लागतं, त्याला अवजारं लागतात.

सीडीआय, स्टेटर ह्या करंटच्या गोष्टी मापयंत्राशिवाय अंदाजाने बदलू नका, भाग महाग आहेत आणि बहुधा परत घेत नाहीत. इंजेक्शनवाल्या फोर-स्ट्रोकची पेट्रोल लाइन खोलू नका, तिच्यात बंद असतानाही दाब राहतो. इंजिन पाण्यात बुडालं असेल तर गोड्या पाण्याने धुऊन त्याच दिवशी मेकॅनिककडे न्या. उद्यावर टाकलं तर खारं पाणी बेअरिंगं खाऊन टाकतं. आणि झाकणाखाली पेट्रोल गळतंय पण कुठून ते दोन प्रयत्नांत कळलं नाही, तर ते इंजिन सुरूच करू नका.

मेकॅनिककडे जाताना वरच्या पायऱ्यांपैकी काय केलं ते कागदावर लिहून द्या. "बाहेर बंद पडतं" ह्यापेक्षा "बल्ब कडक असताना, पूर्ण वेगात, आठव्या मिनिटाला अडखळत बंद पडतं" हे ऐकून तो थेट दोषाकडे जातो.

एक सुधारणा, जी मी सगळ्यांना करायला सांगतो

टाकी आणि इंजिन ह्यांच्यामध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा. दहा मायक्रॉनचा, खाली पारदर्शक वाटी आणि निचऱ्याचा स्क्रू असलेला. होडीच्या मागच्या फळीला आतल्या बाजूने, पाय लागणार नाही आणि डोळ्यांना दिसेल अशा उंचीवर, स्टेनलेस स्क्रूने लावा. फायबरला भोकं पाडल्यावर स्क्रूला सिलिकॉन सीलंट लावायला विसरू नका, नाहीतर आतलं लाकूड कुजतं. फिल्टरच्या डोक्यावर आत आणि बाहेरच्या बाणांची खूण असते, ती बघून टाकीकडचा होज "आत"ला जोडा. बल्ब फिल्टरच्या आधी, टाकीकडे ठेवा, म्हणजे बल्ब दाबून फिल्टर भरता येतो आणि फिल्टरचे जोड दाबाखाली तपासता येतात.

हा फिल्टर लावल्यापासून माझी सकाळ वाटीत डोकावण्याने सुरू होते. तळाला थेंब दिसला तर स्क्रू सैल करून डब्यात काढतो. फिल्टर दर मोसमात एकदा बदलतो, आणि एक नवीन नेहमी होडीत असतो. त्याच्या डब्यात ओ-रिंगांची पुडी, चार क्लिपा, दोन प्लग, प्लगचा पाना, पकड, एक होजचा तुकडा आणि सुकं फडकं.

मे महिन्याच्या शेवटी होडी वर ओढण्याआधी होज सोडून इंजिन चालू ठेवतो आणि कार्बोरेटर रिकामा होऊन ते आपोआप बंद पडेपर्यंत थांबतो. वाटीचा स्क्रू काढून उरलेलं पेट्रोल काढतो, फिल्टर सोडतो, आणि टाकीतलं पेट्रोल त्याच आठवड्यात दुसऱ्याच्या टू-स्ट्रोकला देऊन टाकतो. टाकी उघडी करून उन्हात वाळवतो, मग झाकण घट्ट लावून घरात ठेवतो. ऑगस्टला ताजं पेट्रोल, मापून घातलेलं ऑइल, नवीन ओ-रिंग, आणि तोंडाबाहेर जाण्याआधी खाडीतच दहा मिनिटं पूर्ण वेगात एक फेरी, बल्बवर हात ठेवून.